कणकेच्या खेळाला हातमोजे

आमच्या शाळेच्या काकीसाहेबांनी हातमोज्यांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून कणकेच्या खेळाला हे घालत जा, ताई. तेवढीच स्वच्छता."

दवाखान्यात असतात तसले. पांढरे, पातळ, रबरी. मी "बरं" म्हटलं. मग विचारलं, "ज्वारीच्या परातीलाही घालायचे का?" आमच्या वर्गात एक मोठी परात आहे. तिच्यात ज्वारी भरून मी चमचे, छोट्या गाड्या लपवते आणि मुलं हात घालून त्या शोधतात. ज्वारीचे दाणेही ती सर्रास तोंडात टाकतात. म्हणून विचारलं.

"छे, कोरड्याला कशाला? फक्त कणकेला."

बोलणं गोड होतं. त्यांचं बोलणं नेहमीच गोड असतं. शेजारच्या टेबलाशी मृणालताई बसल्या होत्या. त्याही माझ्यासारख्याच शिक्षिका, त्यांचीही मुलं कणकेशी खेळतात. त्या उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. खोकं एकच आलं होतं आणि ते माझ्या टेबलावर होतं.

कोरड्याला नको, फक्त कणकेला. मला तिथल्या तिथे कळलं. मला कळलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

मी माण तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्याकडे वरच्या आळीत लग्न निघालं की आमच्या वस्तीतल्या बायकांना धान्य निवडायला बोलावणं यायचं. पोत्यांनी ज्वारी आणि गहू असायचे. बायका सकाळपासून अंगणात बसून निवडायच्या, पाखडायच्या, चाळायच्या. तिथपर्यंत सगळं चालायचं. पण पिठात पाणी पडलं की आमच्या बायकांचं काम संपलं. हे कुणी सांगायचं नाही. बायका आपणहून उठायच्या, लुगडं झटकायच्या आणि निघायच्या. आईबरोबर मीही जायचे. अशीच एकदा गेले होते, शाळेतही घातलेलं नव्हतं मला तेव्हा. परातीत मळलेला कणकेचा गोळा दिसला. पांढराशुभ्र, मऊ. मी त्यात बोट खुपसलं. पोरच ती. घरच्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी परात नुसती पायाने बाजूला सारली आणि गड्याला म्हणाल्या, "म्हशीला घाल रं ह्ये."

आईने मला मारलं नाही. सबंध वाटभर ती पदराने माझं बोट पुसत होती. पीठ तर केव्हाच निघून गेलं होतं.

तेव्हा हातमोजे कशासाठी, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी दुसऱ्या दिवशी ते घातले.

आता शाळेबद्दल सांगते. ही शाळा साताऱ्यात एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरते. स्वमग्न मुलांची शाळा. त्यातही जी मुलं अजिबात बोलत नाहीत, ती आमच्याकडे. काकीसाहेबांच्या घरचा मोठा ऊस आहे, घरात फौजेतली माणसं आहेत, गावात शब्दाला मान आहे. त्यांचा नातू राजवीर सहा वर्षांचा होऊनही एक अक्षर बोलेना, तेव्हा कुठलीच शाळा त्याला घेईना. मग त्यांनी स्वतः शाळा काढली. हे त्यांनी केलं आणि ते मोठं काम आहे. मी ते नाकारत नाही. त्यामुळेच तर माझी जीभ इतके दिवस टाळ्याला चिकटली होती.

मी या मुलांना शिकवण्याचा रीतसर अभ्यासक्रम केलाय. माझ्या वडिलांनी मुंबईत गोदामात ओझी वाहिली त्यावर मी शिकले. लोकांना वाटतं, आम्ही मुलांना नुसतं खेळवतो. वेळ जावा म्हणून. एकदा एक पाहुणे मला म्हणालेसुद्धा, "मजा आहे तुमची, दिवसभर फुगे उडवायचे." आता यांना काय सांगायचं? साबणाचे फुगे मी एकदाच उडवते. मग बाटलीचं झाकण लावते आणि गप्प बसते. मूल बघतं, वाट बघतं, चुळबुळ करतं. कधीतरी माझा हात बाटलीकडे ढकलतं. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. चादरीच्या झोळीत घालून झोका देते आणि मध्येच थांबते. पाय हलला, हुंकार आला की पुन्हा झोका. तू सांगितलंस, मला कळलं, आणि तुझ्या सांगण्याने काहीतरी झालं, एवढंच त्या मुलाला पटवायचं असतं. याला महिने लागतात.

राजवीर वर्गात आला तो कोपरा धरूनच. बाटल्यांची झाकणं ओळीने मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. कुणी जवळ गेलं की किंकाळी. मी जवळ गेलेच नाही. थोडं लांब बसून मीही माझी झाकणं मांडायला लागले. त्याने एक उचललं की मीही एक उचलायचे. मृणालताई हसायच्या, म्हणायच्या, "तुमच्यात आणि त्याच्यात फरक दिसेना आता." एके दिवशी तो उठला, माझ्या ओळीतलं एक वाकडं झाकण सरळ करून गेला. मी घरी जाताना रस्ताभर हसत होते.

मग कणीक आली. त्याला कणकेचा चिकटपणा आवडत नव्हता. मी त्याच्या शेजारी बसून कणकेचे साप वळायचे, चपटे करायचे. तो लांबून बघायचा. आणि एकदा तो आला, माझं मनगट धरलं, माझा तळवा कणकेवर दाबला आणि स्वतःचा हात खाली सरकवला. म्हणजे वर माझा हात, मध्ये कणीक, खाली त्याचा हात. मी जोर देऊन दाबलं. त्याला जोराचा दाब आवडतो हे मला माहीत होतं. तो हसला. मी हात काढला, तर पुन्हा मनगट धरलं.

त्या दिवसापासून तो रोज यायचा. मनगट धरायचा, कणकेकडे न्यायचा. "दे" म्हणायची त्याची ती रीत होती. घरात आजवर त्याने कुणाला असं काही मागितलं नव्हतं. काकीसाहेबांना मी बोलावून दाखवलं. त्या उभ्या उभ्या रडल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन, कणकेने माखलेले असतानाच, म्हणाल्या, "ह्या हातांत जादू आहे हो."

माझं आडनाव असं आहे की ते त्यांच्यातही असतं आणि आमच्यातही. मी कधी लपवलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. माणमधली म्हटल्यावर त्या स्वतःच काय ते धरून चालल्या होत्या. मग एकदा त्या औंधला यमाईच्या ओटीला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "चला की ताई, गाडीत जागा आहे. तुमचीही यमाईच ना?"

"नाही काकीसाहेब. आम्ही बौद्ध."

त्या हसून म्हणाल्या, "हो का? अगदी वाटत नाही हं."

आणि मी हसले. कौतुक झाल्यासारखी हसले. हातमोजे घातल्याची लाज आहेच, पण त्या हसण्याची लाज जास्त आहे. ती आठवण आली की अजून कानशिलं तापतात. मी काय सिद्ध करून आनंदले होते? मी माझ्या आईसारखी दिसत नाही, हे?

पुढच्याच आठवड्यात खोकं आलं.

पहिल्या दिवशी राजवीर नेहमीसारखा आला आणि त्याने माझं मनगट धरलं. रबर हाताला लागल्यावर त्याने हात मागे घेतला. वाकून वास घेतला. मग मोज्याचं बोट चिमटीत धरून ओढलं, ते ताणलं गेलं आणि फाटकन परत बसलं. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि किंचाळला. मी मोजा नीट केला आणि कणीक पुढे सरकवली. त्याने माझा हात ढकलला.

आम्ही पालकांना पहिल्याच दिवशी सांगतो, मुलाने हात ढकलला तर समजा की तो "नको" म्हणाला, आणि त्याचं "नको" ऐका. हे मी स्वतः सांगते, फळ्यावर चित्र काढून सांगते. राजवीरने मला नको म्हटलं आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजे घालून बसले. वापरलेले मोजे मी कचऱ्याच्या डब्यात कागदाखाली दडपायचे. झाडायला येणाऱ्या मावशींना दिसू नयेत म्हणून. त्यांना काय, त्यांनी बघितले असते तरी काही वाटलं नसतं. पण मला वाटायचं की बघणाऱ्याला बघताक्षणी सगळं कळेल.

आईचा रोज फोन असतो. तिला मी सहज सांगून बसले, शाळेत आता हातमोजे दिलेत म्हणून.

"सगळ्यांस्नी दिल्यात?" तिने विचारलं.

"हो. सगळ्यांना."

"बरं बरं," ती म्हणाली आणि पावसाचं, शेरडांचं बोलायला लागली. आईशी मी लहानपणीही खोटं बोलत नव्हते. आणि बोलले तेव्हा कुणाची अब्रू वाचवायला बोलले, तर काकीसाहेबांची.

राजवीर माझ्याकडे यायचा थांबला. कोपरा, झाकणं, ओळी. मी लांब बसून झाकणं मांडून बघितली. तो पाठ फिरवून बसायचा. काकीसाहेबांच्या ते लक्षात आलं. मला केबिनमध्ये बोलावून त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं हल्ली लक्ष नाही असं वाटतं. पोरगं किती छान येत होतं तुमच्याकडे. काही घरचं टेन्शन आहे का?"

मी म्हणायला हवं होतं की मोजे काढा, तो येईल. ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "बघते काकीसाहेब." पोरगं त्यांचं, कणीक त्यांची, मोजे त्यांचे, आणि चूक तेवढी माझी. ती मी घेऊन बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

दिवाळी झाल्यावर शाळेत खुला वर्ग ठेवला. पालक आले, काकीसाहेबांचे पाहुणे आले. सांगलीच्या एका शाळेतल्या शिक्षिकाही आल्या, आमच्या खेळाच्या पद्धती बघायला. वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या. मृणालताईंनी फुग्यांचा खेळ घेतला, मी ज्वारीच्या परातीचा घेतला. सगळं छान चाललं. एका मुलीने चमचा शोधून माझ्या हातात दिला, तेव्हा टाळ्याही पडल्या. मग काकीसाहेब म्हणाल्या, "आता कणकेचा."

मी मोजे घातले. मृणालताईंनी शेजारच्या मुलापुढे उघड्या हाताने कणीक घेतली. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसलो होतो.

सांगलीच्या त्या बाई पुढे वाकून बघत होत्या. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "ताई, तुम्ही मोजे का घातलेत? या मुलांना हाताचा स्पर्श कळायला नको का?"

मी तोंड उघडायच्या आत काकीसाहेब म्हणाल्या, "त्यांच्या हाताला जरा स्किनचा त्रास आहे. मुलांना काही व्हायला नको म्हणून."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. एका आईने आपल्या मुलीला हळूच मांडीवर ओढून घेतलं. मघाशी जिने मला चमचा दिला होता, तीच मुलगी. सांगलीच्या बाई कळवळून म्हणाल्या, "अरेरे. डॉक्टरला दाखवलंय ना?"

मला माझेच हात परके वाटायला लागले. खरंच काहीतरी झालंय असं वाटलं. खरंच सांगते, मी क्षणभर खाली बघितलं, त्या पांढऱ्या रबराच्या आत काय आहे ते आठवायला. इथपर्यंत मला त्यांनी आणून ठेवलं होतं. नाही, त्यांनी एकट्यांनी नाही. मीही रोज सकाळी एकेक बोट आत घालत होते.

मी मोजे काढले. घामाने चिकटले होते, सोलून काढावे लागले. हात वर धरले, दोन्हीकडून दाखवले.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हटलं. मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "मोजे फक्त मला आहेत. ते ज्वारीला लागत नाहीत, फक्त कणकेला लागतात. मी बौद्ध आहे हे काकीसाहेबांना कळलं, तेव्हापासून लागतात."

एका खुर्चीचा पाय फरशीवर घासला. काकीसाहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण त्या हसतच होत्या. त्या मावशींना म्हणाल्या, "ती कणीक उचला. चहा आणा सगळ्यांना."

मावशी वाकल्या आणि माझ्यासमोरची परात उचलून घेऊन गेल्या. मृणालताईंसमोरची तिथेच राहिली.

तुम्हाला वाटेल, राजवीर तेव्हा उठून माझ्याकडे आला असेल. तो आला नाही. इतक्या माणसांनी तो आधीच भेदरला होता. तो कोपऱ्यात पाठ करून झाकणं मांडत होता. जाताना मी त्याच्यापासून नेहमीच्या अंतरावर थोडा वेळ बसले. त्याने मान वर केली नाही. माझ्यावरचा त्याचा विश्वास मी स्वतः मोडलाय आणि एका दिवशी मोजे काढले म्हणून तो परत येत नाही.

पाहुणे गेल्यावर केबिनमध्ये बोलावणं आलं. काकीसाहेब रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं.

"मी तुम्हाला कधी वेगळं वागवलं? माझ्या घरचं पोर तुमच्या हातात दिलं मी."

"मोजे घालून दिलंत," मी म्हटलं.

"आमचं काही नाही हो. घरात मोठी माणसं आहेत, सासूबाई आहेत. पोरगं कणीक तोंडात घालतं, त्यांना ते चालत नाही. मी किती जणांची तोंडं धरू?" मग डोळे पुसून सावकाश म्हणाल्या, "झालं ते झालं. चार लोकांत बोललात, चार लोकांत माफी मागा. विषय संपला. नाहीतर मग राजीनामा द्या. मी चांगलं सर्टिफिकेट देईन."

मी म्हटलं, विचार करून सांगते. बाहेर मृणालताई उभ्या होत्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. मला दिले असते ना, मीपण घातले असते."

"मग घाला ना उद्यापासून," मी म्हटलं. त्यांनी दंड सोडला. त्यांना कुणाचातरी फोन आला होता म्हणे.

त्या संध्याकाळी आईला सगळं खरं सांगितलं. खोटं बोलले होते तेही सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंस. पण ती म्हणाली, "माफी मागून टाक बाय. एकदा मान खाली घातली म्हणून मान तुटत न्हाई. तुज्या बापानं मरमर वझी व्हायली ती काय ह्याच्यासाठी? नोकरी गेली तर दुसरीकडं कोण उभं करंल तुला? ती लोकं एकमेकास्नी फोन करत्यात."

तिचं चुकत नाही. ते लोक खरंच एकमेकांना फोन करतात. सांगलीच्या त्या बाईंना मी फोन केला. म्हटलं, तुम्ही ऐकलंत तेवढंच सांगाल का, कुणी विचारलं तर? त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटलं हो तुमच्यासाठी. पण मला यात ओढू नका." दोन पालक रस्त्यात भेटले, त्यांनी लांबूनच नमस्कार केला. आमच्या वस्तीतलेही म्हणाले, शिकलेली पोरगी, कुठे नादाला लागतेस.

म्हणजे मी एकटी आहे. तर एकटी.

आईला मी सांगितलं, "आई, मी माफी मागणार न्हाई." ती रडली. तिला रडवलं याचंही मला वाईट वाटतं, पण तिच्या भीतीने मी आता जगणार नाही. माझ्या पोटी उद्या मुलगी झाली तर तिचं बोट मी पुसत बसणार नाही.

राजीनामा मी देणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. पण ते कारण बोलून काढा. स्वच्छता नाही, त्वचा नाही, सासूबाई नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना बोलता येत नाही. हवं तर ती मनगट धरतात, नको तर ढकलतात, त्यांच्या मनात काय आहे याबद्दल कुणाला फसवत नाहीत. काकीसाहेबांना तर बोलता येतं. त्यांनी बोलावं. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. ती घेताना साहेब मला म्हणाले, "मॅडम, मोज्यांवरनं कुठं केस होते का?" मी म्हटलं, "होते की नाही ते तुम्ही ठरवू नका. तुम्ही फक्त लिहून घ्या." ते लिहून होईपर्यंत मी तिथून उठले नाही.

उद्या शाळा आहे. मी वेळेवर जाणार आहे. कणकेचा तास माझाच आहे, अजून कुणी तो काढून घेतलेला नाही. मावशींनी परात उचलली तर मी दुसरी मांडीन. ती उचलली तर तिसरी. कणीक मी मळणार आहे, उघड्या हातांनी, दार उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी.